आयआयटी प्रवेशाचा अंदाज : हिशेब आणि विवेक

(तुर्भे येथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, त्या विषयाचा मी तज्ज्ञ नाही, हे प्रारंभीच सांगणे उचित ठरेल. मी कला शाखेचा पदवीधर आहे. भौतिकशास्त्राचे एखादे उदाहरण सोडवून दाखवा, असे कोणी म्हटले तर मी नम्रपणे हात जोडीन. परंतु पत्रकारितेत आयुष्य गेल्यामुळे दरवर्षी निकालांच्या हंगामात आकड्यांचे ढिगारे उपसण्याचे काम मला करावे लागले आहे. आकडा शंभर टक्के खरा असतो आणि तरीही त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा असू शकतो, ही गोष्ट वृत्तपत्राच्या कचेरीत फार लवकर कळते. आयआयटीसारख्या संस्थेत आपल्या मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न आज हजारो घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर देणारे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. ते वाचावेत कसे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

तुर्भ्यात हा विषय मांडताना प्रारंभ कोठून करावा, याचा फार विचार करावा लागला नाही. येथे बाजार समितीचा एवढा मोठा व्याप आहे. फळबाजारातला अनुभवी व्यापारी हापूसच्या ऐन हंगामात सकाळी गाळ्यावर बसतो, तेव्हा चार गोष्टी पाहतो. आज आवक किती झाली, उठाव किती आहे, काल भाव कोठे थांबला आणि आपल्या पेटीतले फळ कोणत्या प्रतीचे आहे. हजारो पेट्या उतरलेल्या पाहून तो घाबरून गाळा बंद करीत नाही आणि ‘आज आपले नशीब उघडेल’ एवढ्याच भरवशावर भावही सांगत नाही. प्रवेशाच्या हिशेबातही याच चार गोष्टी आहेत. परीक्षेला किती जण बसले, जागा किती, गेल्या वर्षी प्रवेश कोणत्या क्रमांकावर थांबला आणि मी आज कोठे उभा आहे. आश्चर्य असे की, रोजच्या व्यवहारात इतके चोख असणारे आपण, मुलांच्या आयुष्यातील दोन वर्षे आणि घरातली लाखो रुपयांची पुंजी पणाला लावताना चौथा प्रश्न विचारीतच नाही.

तीन गुणोत्तरे, तिन्ही खरी

प्रथम आवक आणि जागा पाहू. २०२५ मध्ये जेईई मेन या परीक्षेला सुमारे १४ लाख ७५ हजार विद्यार्थी बसले. त्यातून जेईई ॲडव्हान्स्डसाठी वरचे अडीच लाख पात्र ठरतात. त्यांपैकी १ लाख ८० हजार ४२२ जणांनी ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिले. ५४ हजार ३७८ उत्तीर्ण झाले. देशातल्या २३ आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या १८ हजार १६०.

आता गंमत पाहा. मेनला बसलेल्यांशी तुलना केली, तर ८१ जणांमागे एक जागा. ॲडव्हान्स्डला बसलेल्यांशी केली, तर दहा जणांमागे एक. आणि उत्तीर्णांशी केली, तर तिघांमागे एक. तिन्ही गुणोत्तरे खरी आहेत. ज्याला मुलांना धाक घालायचा आहे तो पहिले सांगतो, ज्याला क्लासची जागा भरायची आहे तो तिसरे सांगतो. परंतु यांपैकी एकही गुणोत्तर म्हणजे तुमच्या मुलाची शक्यता नव्हे. प्रवेश हा सोडतीचा प्रकार नाही. ज्याचा क्रमांक तीन हजारावा आहे आणि ज्याचा तीन लाखावा आहे, त्या दोघांची शक्यता ‘८१ मध्ये एक’ अशी समान कशी असेल? एकाची जवळजवळ निश्चिती असते, दुसऱ्याची जवळजवळ शून्य. गर्दीचे गुणोत्तर गर्दीचे वर्णन करते, गर्दीतल्या माणसाचे करीत नाही. म्हणून ‘एवढ्या लाखांत आपला काय निभाव लागणार’ हे जितके अविचाराचे, तितकेच ‘कोणीतरी लागतातच ना, मग आपलाच का नाही’ हेही अविचाराचे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

दुसरा घोटाळा शब्दाचा आहे. बारावीला ९५ टक्के म्हणजे आपल्या कानाला पेढे वाटण्याची वार्ता. जेईई मेनमध्ये ९५ पर्सेंटाइल म्हणजे मात्र तितके गुण नव्हेत. आपल्याएवढे किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात ९५ आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले पाच टक्के आपल्या पुढे आहेत. १४ लाख ७५ हजारांचे पाच टक्के काढा. सुमारे ७३ हजार ७५० विद्यार्थी पुढे आहेत! ९९ पर्सेंटाइल ऐकून शेजारीपाजारी अभिनंदनाला येतात, ते योग्यच आहे. तरीही सुमारे १४ हजार ७५० जण त्याच्या पुढे असतात. हिशेब सोपा आहे. शंभरातून पर्सेंटाइल वजा करा, उरलेल्या आकड्याने परीक्षार्थींची संख्या गुणा आणि शंभराने भागा. अदमासे क्रमांक हाती येतो. ही परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल वेगळे काढून मग एकत्र केले जाते, त्यामुळे थोडा फरक पडतो. पण घरच्या हिशेबाला एवढे पुरेसे आहे.

हा क्रमांक काढण्याचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. सर्वसाधारण गटात ॲडव्हान्स्डला पात्र होण्याची मर्यादा २०२३ मध्ये सुमारे ९०.७८ पर्सेंटाइल होती. २०२४ मध्ये ती ९३.२४ झाली आणि २०२५ मध्ये ९३.१० राहिली. ‘दोन वर्षांत सव्वादोनहून अधिक अंकांनी मर्यादा चढली, स्पर्धा आवाक्याबाहेर गेली’ असे मथळे सहज देता येतात. पण क्रमांकात रूपांतर करा. २०२३ मध्ये मेनला सुमारे ११ लाख १३ हजार विद्यार्थी बसले होते, २०२५ मध्ये १४ लाख ७५ हजार. दोन्ही वर्षी हिशेब केला तर मर्यादा साधारण एक लाखाव्या क्रमांकाच्या आसपासच येते. याचे कारण उघड आहे. ॲडव्हान्स्डसाठी घ्यावयाची संख्या अडीच लाखच राहिली. मागची गर्दी वाढली, त्यामुळे पर्सेंटाइल चढले. क्रमांक जवळपास तेथेच राहिला. म्हणून गेल्या वर्षीचे आणि यंदाचे पर्सेंटाइल एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. दोन्हींचा क्रमांक काढा आणि मग तुलना करा.

काल भाव कोठे थांबला?

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक शाखेचा शेवटचा क्रमांक. आयआयटी, एनआयटी व अन्य केंद्रीय संस्थांच्या जागा संयुक्त जागावाटप प्राधिकरणामार्फत, म्हणजे ‘जोसा’मार्फत भरल्या जातात. कोणत्या संस्थेत, कोणत्या शाखेत, कोणत्या गटात, कोणत्या फेरीत पहिला आणि शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला, ही माहिती वर्षवार सर्वांना खुली आहे. अमेरिकेतील हार्वर्डसारख्या विद्यापीठात शंभर अर्जदारांमागे पाचांहून कमी जणांना प्रवेश मिळतो. तेथे निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरची कामगिरी असे बरेच काही तोलले जाते आणि एखाद्याला का घेतले, एखाद्याला का नाकारले, हे बाहेरच्याला नेमके सांगता येत नाही. आपल्या पद्धतीत अन्य दोष असतील. पण एक गुण निश्चित आहे की, शेवटचा क्रमांक जाहीर असतो. या पारदर्शकतेचा लाभ आपण घेतला पाहिजे.

तो घेताना चार ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे याद्या दोन आहेत. आयआयटीचा प्रवेश ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर होतो, एनआयटीचा मेनच्या क्रमांकावर. एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीला लावू नये. दुसरे, खुल्या जागांचा शेवटचा क्रमांक समाईक यादीतला असतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती व जमाती या गटांपुढे छापलेला क्रमांक त्या त्या गटाच्या यादीतला असतो. आपला समाईक क्रमांक गटाच्या यादीशी ताडून कित्येक पालक उगाच हवालदिल होतात. तिसरे, मुलींसाठी. आयआयटींमधील विद्यार्थिनींचे प्रमाण वाढावे यासाठी २०१८ पासून अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या. त्या जागांचा शेवटचा क्रमांक स्वतंत्र असतो आणि तो पुष्कळदा बराच पुढे जातो. आपल्या लेकीचा अंदाज सर्वांसाठीच्या यादीवरून बांधणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. आणि चौथे, प्रांताचा विचार. आयआयटीत राज्याचा कोटा नाही. मुंबईची आयआयटी तुर्भ्यापासून जवळ असली तरी पवईच्या दारात तुर्भ्याचा विद्यार्थी आणि तेजपूरचा विद्यार्थी समानच. एनआयटीत मात्र निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी वेगळी यादी पाहावी लागते.

शिवाय ‘आयआयटीला लागणे’ ही एकच गोष्ट नाही. मुंबई आयआयटीची संगणकशास्त्राची शाखा सर्वसाधारण गटात २०२३ ते २०२५ या वर्षांत पहिल्या सत्तर क्रमांकांच्या आतच भरली. त्याच आवारातील काही शाखा काही हजारांच्या क्रमांकापर्यंत खुल्या राहतात. म्हणून प्रश्न ‘आयआयटी मिळेल का’ असा विचारू नका. कोणती संस्था, कोणती शाखा, कोणता गट, असा विचारा. आणि एकाच वर्षाचा आकडा पाहू नका. किमान तीन वर्षांचे, शेवटच्या फेरीचे क्रमांक एका ओळीत मांडा. मग त्यातला चढउतार दिसतो.

मी आज कोठे आहे?

आता चौथा प्रश्न. हाच सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. ते मुलाच्या सराव परीक्षांच्या कागदांत असते. पण आपण पाहतो काय? आई-वडिलांच्या लक्षात राहते ती सर्वांत चांगली परीक्षा. मुलाच्या मनात रुतून बसते ती सर्वांत वाईट. दोन्ही फसव्या. गेल्या आठ-दहा पूर्ण सराव परीक्षा घ्याव्यात. सर्वांत वरची व सर्वांत खालची बाजूला ठेवावी. उरलेल्या ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा म्हणजे आजची आपली जागा. अंदाज नेहमी असा पट्ट्यात सांगावा, ‘अमुक ते तमुक’. एकच आकडा सांगणारा मनुष्य ज्योतिषी असतो किंवा विक्रेता.

क्लासच्या सराव परीक्षा कधी मुद्दाम कठीण, कधी सोप्या असतात. म्हणून त्याबरोबर ॲडव्हान्स्डच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ज्या अधिकृतपणे उपलब्ध आहेत, त्या प्रत्यक्ष परीक्षेसारख्याच सोडवाव्यात. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर, मध्ये विश्रांती, हाताशी भ्रमणध्वनी नाही. ज्या वर्षाचा पेपर, त्या वर्षीची पात्रतेची मर्यादा शेजारी लिहावी. चार रविवार असे गेले की बरेच काही स्वच्छ दिसू लागते.

या हिशेबात दोन नियम विसरू नयेत. आयआयटीसाठी बारावीलाही ७५ टक्के लागतात किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही टक्केवारीची अट ६५ आहे. कनिष्ठ महाविद्यालयात केवळ नाव आणि सारा दिवस क्लासमध्ये, ही जी रीत आपल्या शहरांत रूढ झाली आहे, तिच्यात हा नियम डोळ्यांआड होतो. दुसरा नियम असा की, ॲडव्हान्स्ड ही परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षांत, दोनदाच देता येते.

भाषेचाही विचार करावा. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला गणित येत असते, पण लांब इंग्रजी प्रश्न वाचण्यात मिनिटे जातात. सराव परीक्षेतील घसरण ज्ञानाची आहे की भाषेच्या गतीची, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. ज्ञानाची उणीव भरून काढायला काळ लागतो. भाषेची गती काही महिन्यांच्या नित्य वाचनाने वाढते.

‘वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देऊ का’ या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. मागे पडण्याचे कारण काय? अभ्यासक्रमच पुरा झाला नव्हता, मध्ये आजारपण आले, भाषा आड आली, असे भरून निघण्याजोगे कारण असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. सर्व अभ्यास होऊन, सर्व सराव होऊन पट्टा जर आठ महिने तसाच राहिला असेल, तर आणखी एक वर्ष त्याच वाटेवर घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

जाहिरातीतला अर्धा अपूर्णांक

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती येतात. यशस्वी मुलांची छायाचित्रे, त्याखाली क्रमांक. आमच्या व्यवसायाला त्या जाहिरातींतून पैसा मिळतो, हे मी लपवीत नाही. पण त्या पानावर अपूर्णांकाचा फक्त अंश छापलेला असतो. छेद कोठे आहे? दोनशे मुले लागली, छान झाले. त्या क्लासच्या सर्व शाखांत मिळून त्या वर्षी किती मुले होती? दहा हजार असतील तर शंभरात दोन, पाचशे असतील तर शंभरात चाळीस. अंश तोच, अर्थ किती भिन्न! शिवाय त्या दोनशेंपैकी दोन वर्षे शिकलेले किती आणि केवळ शेवटच्या सराव परीक्षांपुरती नोंदणी केलेले किती?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरण्यापूर्वी, निवड झाल्यानंतर, त्याची लेखी संमती घ्यावी, त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे सांगावे, यशाची हमी देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही सूचना दिल्या होत्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत आहे. प्रवेश घेतेवेळी हे दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. छेद किती आणि परतीचा नियम काय? उत्तर देताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरेच कळते.

अंदाजाची जागा यादीच्या तळाशी

आता एक अतिशय व्यावहारिक गोष्ट. निकालानंतर पसंतीक्रम भरावा लागतो. येथे हुशार पालकही चुकतात. ‘वरची संस्था मिळणार नाही, उगाच पहिली पसंती वाया कशाला घालवायची’ असे म्हणून ते जी मिळेल असे वाटते तीच शाखा वर लिहितात. वास्तविक जोसाची पद्धत अशी आहे की, संगणक तुमच्या यादीत वरून खाली येत जातो आणि तुमच्या क्रमांकाला जी पहिली जागा उपलब्ध असेल ती देतो. वर लिहिलेली अवघड पसंती मिळाली नाही, म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादीचा क्रम केवळ आवडीने ठरवावा. मनापासून जे हवे ते पहिले, मग दुसरे, मग तिसरे. अंदाज वापरायचा तो यादी कोठपर्यंत लांबवायची हे ठरवताना. आपल्या पट्ट्याच्या बऱ्याच खालीपर्यंत, अगदी निश्चित मिळतील अशा काही जागा येईपर्यंत, यादी गेली पाहिजे. आणि जेथे जायचेच नाही अशी जागा यादीत लिहू नये.

आपल्या राज्याच्या सीईटीच्या प्रवेश फेऱ्यांतही क्रम आवडीचाच असावा, उलट तेथे तर तो अधिक जपून लिहावा. कारण पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती स्वीकारावी लागते. ‘पाहू तरी’ म्हणून पहिली लिहिलेली जागा मग गळ्यात पडते.

दारे अनेक आहेत

खरा अंदाज हाती आला की आणखी एक लाभ होतो. अन्य दारे वेळेवर दिसू लागतात. माटुंग्याला १८८७ पासूनची परंपरा असलेली व्हीजेटीआय आहे, १९३३ मध्ये विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आणि आज अभिमत विद्यापीठ असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्याला १८५४ पासूनचे सीओईपी आहे. ज्याचा ओढा मूळ विज्ञानाकडे आहे, त्याच्यासाठी पुण्याची आयसर संस्था आहे, कलिन्याला मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांचे मूलभूत विज्ञान केंद्र आहे. यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या, अर्जाच्या तारखा वेगळ्या. जो केवळ पवईकडे डोळे लावून बसतो, त्याच्या त्या तारखा निघून जातात आणि जून महिन्यात घरात रडारड होते.

डॉ. अनिल काकोडकर १९६३ मध्ये व्हीजेटीआयमधून यंत्र अभियंता झाले. पवईची आयआयटी तेव्हा सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. पुढे ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि कालांतराने मुंबई आयआयटीच्याच नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९६६ मध्ये रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली ती माटुंग्याच्या त्याच रसायन तंत्रज्ञान विभागातून. पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची धुरा त्यांनी वाहिली. दोन थोर माणसांच्या उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, हे मला समजते. मघाशी जाहिरातीतल्या छायाचित्रांविषयी जे बोललो ते या दोन नावांनाही लागू आहे. एवढेच दिसते की, एका दारातून प्रवेश न मिळणे हा आयुष्याचा निकाल नसतो.

घरातला संवाद

शेवटी मूळ गोष्टीकडे येतो. एक घर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात किंवा बाजारात कष्ट करतात. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन क्लासचे शुल्क भरलेले आहे. आई पहाटे उठून डबा करते. मुलगा सकाळी जातो, रात्री येतो. त्याला पहिल्या सहा महिन्यांतच कळून चुकलेले असते की, आपल्याला हे झेपत नाही. पण तो बोलत नाही, कारण उचल घेतलेली त्याला ठाऊक असते. वडील विचारीत नाहीत, कारण उत्तराची त्यांना धास्ती असते. दोघेही एकमेकांवरच्या मायेपोटीच गप्प असतात आणि त्या शांततेचे ओझे सतरा वर्षांच्या खांद्यावर पडते. कोटा शहरातून ज्या दुःखद बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, त्यांची नुसती आकडेवारी छापताना आमचेही हात थबकले आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत गुणांवरून तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे आणि क्षमतेबाहेरची उद्दिष्टे लादणे शक्यतो टाळावे, असे सांगितले आहे. ते शिक्षणसंस्थांना आणि क्लासना सांगितले आहे. घराला सांगायला न्यायालयाची आवश्यकता पडू नये.

अंदाज काढणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे, असे काहींना वाटते. मला नेमके उलट वाटते. अंदाज न काढता त्याला ढकलत राहणे हा अविश्वास आहे, कारण खरे ऐकल्यावर तो खचेल असे आपण गृहीत धरलेले असते. खरी स्थिती समोर ठेवून ‘ही आपली आजची जागा, येथून पुढे काय करायचे ते आपण मिळून ठरवू’ असे म्हणणारा बाप मुलाला प्रौढ म्हणून वागवतो. बाजारातल्या पेटीची उपमा मी आरंभी दिली. ती हिशेबापुरतीच होती. पेटीतल्या फळाची प्रत बाजारात येण्यापूर्वीच ठरलेली असते. सतरा वर्षांच्या मुलाची प्रत कोणत्याही एका दिवशी ठरत नाही, ती घडत असते. अंदाज जागेचा बांधायचा असतो, मुलाचा नव्हे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आज रात्री जेवणानंतर दूरदर्शन संच बंद ठेवून अर्धा तास एकत्र बसा. एक कोरा कागद घ्या. हव्या असलेल्या तीन शाखा लिहा. त्यांच्यापुढे आपल्या गटाचे गेल्या तीन वर्षांचे शेवटचे क्रमांक लिहा. त्याखाली सराव परीक्षांचा पट्टा लिहा, आणि तो मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्या. चौथ्या ओळीत अन्य दोन दारे आणि त्यांच्या अर्जाच्या तारखा लिहा. दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढून पट्टा सरकला का, ते पाहा. तो वर सरकला असेल तर आनंद आहे. सरकला नसेल तरीही दुसऱ्या दाराच्या तारखा तुमच्या हातात असतील आणि मुलाशी बोलणे सुरू झालेले असेल.

येथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या परिश्रमांना शोभेल अशी जागा मिळो, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.